भोंग्यातून जॉनी डियानी ऐकू येत नाही

सप्त्याच्या मंडपात बिछायतवाल्याने बांबूला बांधलेला भोंगा कीर्तनकाराचा शब्द दोन शिवारं ओलांडून पोचवतो. पण मृदंगाची धूम त्यातून येत नाही, येते ती नुसती चाट. यात वाजवणाऱ्याचा दोष नाही. भोंग्याची बनावटच अशी असते की साधारण ३०० हर्ट्झच्या (सेकंदाला ३०० कंपनांच्या) खालचं तो बाहेर काढूच शकत नाही. जॉनी म्बिझो डियानी या दक्षिण आफ्रिकी जॅझ बास वादकाबद्दल लिहायला बसलं की सुरुवात इथूनच करावी लागते. डबल बास या माणसाएवढ्या उंच तंतुवाद्याच्या चार मोकळ्या तारा ई, ए, डी, जी अशा मिळवलेल्या असतात आणि त्यांचे सूर साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर बसतात. बहुतेक हार्मोनियमच्या खर्ज संचातली पहिली पट्टी ६५ च्या आसपास असते, म्हणजे या वाद्याच्या दोन तारा तिच्याही खाली जातात. मोबाईलचा स्पीकर तर ४००-५०० च्या खाली दम सोडतो.

मग मोबाईलवर काय होतं? मूळ सूर जातो, त्याच्या दुपटीतिपटीतले वरचे स्वर तेवढे उरतात, आणि त्यांवरून कान मूळ सुराचा अंदाज बांधतो. चाल कळते, वजन कळत नाही. ऐकणारा म्हणतो, सॅक्सोफोन छान आहे, ड्रमही छान आहे, पण हा डियानी एवढा मोठा का म्हणतात ते काही समजलं नाही. समजणार कसं? त्याचं निम्मं वादन त्या स्पीकरमधून बाहेरच आलेलं नसतं.

आधी माणूस. नोव्हेंबर १९४५ मधला जन्म, ईस्ट लंडनजवळच्या डंकन व्हिलेज वस्तीतला. हे ईस्ट लंडन इंग्लंडमधलं नव्हे, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर आहे. भाषा खोसा. काळ वर्णभेदाचा. कोणी कुठे राहायचं हे १९५० च्या कायद्याने कातडीच्या रंगावरून ठरत होतं, आणि डंकन व्हिलेजमधल्या हजारो माणसांना १९६० च्या दशकात उचलून म्दान्त्साने या नव्या वसाहतीत नेऊन टाकलं गेलं. गोरा आणि काळा वादक एका मंचावर बसला तर पोलीस येत. अशा वेळी केपटाऊनमध्ये ब्लू नोट्स हा गट जमला. पियानोवर क्रिस मॅकग्रेगर, एकटा गोरा. मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या बापासोबत तो खोसा मुलखातच वाढलेला. आल्टो सॅक्सोफोनवर दुदू पुक्वाना, टेनरवर निकेले मोयाके, ट्रंपेटवर मोंगेझी फेझा, ड्रमवर लुई मोहोलो आणि बासवर डियानी. फेझा आणि डियानी सगळ्यांत लहान.

१९६४ च्या जुलैत फ्रान्समधल्या आंतीब महोत्सवाचं आमंत्रण आलं. तेवढं निमित्त धरून सहाही जण देशाबाहेर पडले. डियानी तेव्हा अठरा वर्षांचा होता. तिथून स्वित्झर्लंडमधलं झुरिक, जिथे त्यांच्याआधी देश सोडलेला पियानोवादक डॉलर ब्रँड (पुढचा अब्दुल्ला इब्राहिम) वाजवत होता. १९६५ मध्ये लंडन. मोयाके परत गेला आणि लवकरच वारला. बाकीच्यांना परतीचा रस्ता उरला नाही.

१९६६ मध्ये अमेरिकी सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसीने डियानी आणि मोहोलो यांना ब्युनोस आयर्सला नेलं. चौथा माणूस इटलीचा ट्रंपेटवाला एन्रिको रावा. पैसे संपले आणि चौघंही तिथे कित्येक महिने अडकून पडले. तिथे मंचावर ध्वनिमुद्रित झालेलं 'द फॉरेस्ट अँड द झू' आज मिळतं. त्यात ठरलेली चाल नाही, ठरलेला ताल नाही, सम शोधूनही सापडत नाही. पहिल्यांदा डियानी ऐकणाऱ्याने इथून सुरुवात करू नये. कान बिचकतो आणि माणूस परत फिरकत नाही. कुठून सुरू करायचं ते पुढे येतंच, पण त्याआधी ऐकण्याची सोय बघू.

सगळ्यांत स्वस्त सोय म्हणजे रबरी टोपीचा वायरवाला इअरफोन. यात एकच गोष्ट लोक चुकवतात, ती म्हणजे टोपीचा आकार. कानाच्या भोकात टोपी घट्ट बसली नाही तर फटीतून सर्वांत आधी खालचे सूर निसटतात. इअरफोन कानात घालून बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास एकदम वाढला तर तुमची टोपी लहान आहे, डबीतली मोठी लावा. एकच कान लावून ऐकू नका. मोबाईलमधलं बास बूस्ट बंद ठेवा. ते ६० ते १०० च्या मधलं सगळं सरसकट फुगवतं, म्हणून ए, डी आणि जी तारेवरचे काही सूर ढोलासारखे येतात आणि वरच्या बोटांचे सूर मागे राहतात. डियानीच्या चालीत दोन सुरांमधल्या फरकाचीच गंमत आहे, आणि नेमका तोच फरक पुसला जातो.

डब्याच्या स्पीकरवर ऐकायचं असेल तर १२ किंवा १५ इंची पुरे. अडचण खोलीची असते. आपल्याकडच्या जुन्या घरात १० बाय १२ ची खोली सर्रास सापडते. मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंती खालचा आवाज आत कोंडून ठेवतात. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, १२ फुटांत ४७ च्या आसपासचा. ५६ म्हणजे जवळजवळ ए तारच. त्या तारेवर बोट आलं की खोली हंबरते, आणि वाटतं की वादकाने तो सूर मुद्दाम जोरात मारला. तसं नसतं. डबा कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या. स्वतः भिंतीला टेकून बसू नका आणि नेमक्या मधोमधही बसू नका, कारण मध्यावर तोच सूर नाहीसा होतो. लांबीच्या एक तृतीयांशावर बसलं तर चारही तारा बऱ्यापैकी सारख्या येतात. वर टिना असतील तर एखादा सैल खिळा प्रत्येक सुरासोबत किणकिणेल. त्यावर वजन ठेवा, नाहीतर तो आवाज रेकॉर्डमधलाच वाटत राहतो. दिवाळीच्या सुमारास खोलीत कापूस भरलेला असेल तर झांजांची चकाकी कमी होईल, बासचं विशेष बिघडणार नाही.

अॅम्प्लिफायरमधून गुणगुण येत असेल तर ती ५० आणि १०० हर्ट्झची असते. १०० म्हणजे जी तारेच्या अगदी अंगावर. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ती वाढते. खड्ड्यात पाणी घाला, आणि मोबाईलचा चार्जर व अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा, किंवा ऐकताना चार्जर काढूनच ठेवा. कूलरचा घरघराट खालचे सूर झाकतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी तो बंद करा म्हणणं क्रूरपणा आहे, तेव्हा पहाटे ऐका. पहाटे मोटारपंपाचाही आवाज कमी असतो.

आता कुठून ऐकायचं ते. १९७३ च्या डिसेंबरात डॉलर ब्रँड आणि डियानी या दोघांनीच केलेली 'गुड न्यूज फ्रॉम आफ्रिका' घ्या. ड्रम नाही, त्यामुळे बास झाकायला कोणी नाही. पहिलीच रचना 'न्त्सिकानाज बेल'. न्त्सिकाना हा खोसा लोकांचा संतपुरुष १८२१ मध्ये वारला. त्याच्या प्रार्थना तोंडातोंडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, आणि ही त्यातली लोकांना प्रार्थनेला बोलावणारी. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ज्यांच्या कानात लहानपणापासून बसली आहे त्यांना यात काय चाललंय हे समजावून सांगावं लागणार नाही. दोघं वाजवतात आणि दोघं गातातही. पहिल्यांदा ऐकताना पियानोकडे लक्ष देऊ नका. डियानीचा गळा आणि त्याचा बास एकाच माणसाच्या अंगातून येत आहेत, एवढंच धरून ठेवा. गळा वर जातो तेव्हा बोटं खाली काय करतात ते ऐका.

खोसा संगीताची एक जुनी मांडणी इथे माहीत असली तर फार उपयोगी पडते. उहादी नावाचं त्यांचं वाद्य आहे: धनुष्य, एक तार, खाली भोपळा, आणि तारेवर काडीने मारायचं. मोकळी तार एक सूर देते. अंगठा-बोटाच्या चिमटीत तार धरली की साधारण एक पूर्ण स्वर वरचा दुसरा सूर मिळतो. एवढे दोनच मूळ सूर, म्हणजे सा आणि रे. भोपळ्याचं तोंड छातीला लावत-उचलत वाजवलं की या मूळ सुरांचे वरचे स्वर एकेक करून उमटतात. सा मधून सा, प, ग. रे मधून रे, ध आणि तीव्र म. हार्मोनियमवर वाजवून बघा: सा रे ग तीव्र म प ध. कल्याणातून नि काढल्यासारखं. आपल्या तुणतुण्यालाही तार एकच, पण ते सुराचा धाक आणि ठेका यातच राहतं. उहादीत त्या एका तारेतूनच चाल निघते. डियानी दोन सुरांवर दहा-दहा मिनिटं फिरत राहतो तेव्हा त्यामागे मला हाच हिशेब ऐकू येतो: खाली दोनच सूर, आणि वरचं सगळं त्यांच्यातूनच उगवलेलं.

दुसरा हिशेब माराबीचा. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या कामगारांच्या वस्त्यांत १९२० च्या सुमारास तयार झालेली ही फिरती चाल, आणि या पिढीच्या सगळ्या जॅझचा तो पाया आहे. भजनी मंडळाच्या दोन हार्मोनियमवाल्यांनी ती अर्ध्या तासात बसवता येईल. चार खाने, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे केरव्याची दोन आवर्तनं. वरचा वाजवणारा क्रमाने सा-ग-प, म-ध-सा, पुन्हा सा-ग-प आणि शेवटी प-नि-रे असे तीन-तीन सूर एकत्र दाबतो. खालचा खर्जात एकेकच सूर धरतो: सा, म, प, प.

बहुतेक जण तिसऱ्या खान्यात चुकतात. वर सा-ग-प परत आलं म्हणून खालच्याचा हात आपोआप सा वर जातो. तिथे प च हवा. तिसऱ्या आणि चौथ्या खान्यात खालचा सूर तोच राहतो आणि वरचे बदलतात, त्या ताणामुळे चौथ्यानंतर सा वर परत येताना गाडी उतारावरून सुटल्यासारखी वाटते. खालच्याने सा धरला की हा ताणच जातो, नुसतं गोल गोल फिरणं उरतं. दुसरी चूक म्हणजे पट्टी चारही मात्रा दाबून ठेवणं. बासची तार ओढली की सूर हळूहळू विरतो, हार्मोनियमचा विरत नाही. तिसऱ्या मात्रेच्या शेवटी पट्टी सोडा, पुढचा सूर मोकळ्या जागेत पडला पाहिजे. तिसरी चूक ढोलकीवाल्याची, आणि तिचं कारण आपल्या सवयीत आहे. भजन रंगलं की लय चढते, टाळ तापतात, शेवट द्रुतात होतो. इथे लय चढू द्यायची नाही. मोबाईलवर मेट्रोनोम (ठोके मोजणारं अॅप) लावून सुरुवातीची लय लिहून ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. मिनिटाला चार-पाच ठोक्यांहून जास्त वाढली असेल तर खालच्या माणसाने ढोलकीला सोडून दिलं असं समजा. डियानीचं मोठेपण मी इथेच धरतो. वर सॅक्सोफोन किंकाळ्या फोडत असतो, ड्रम उधळलेले असतात, आणि तापमान चढतं ते केवळ तीच चाल पुन्हा पुन्हा येते म्हणून. तो घाई करत नाही. घाई न करण्याला हातात केवढी ताकद लागते ते वाद्य बघितल्यावर कळतं.

वाद्य माणसाएवढं उंच असतं, पुष्कळदा त्याहूनही. तारेची वाजती लांबी साधारण साडेतीन फूट. चार तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर जातो, आणि तो सगळा एका पातळ लाकडी घोडीवर येतो. आतून एक सैल दांडी नुसत्या दाबाने उभी असते, तिला चिकटवत नाहीत. खालच्या भागात डाव्या हाताचं पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं चौथ्याला टेकू देतं, कारण सूर इतके लांब लांब असतात की चारही बोटं सुटी चालवली तर हात आखडतो. उजव्या हाताची तर्जनी तारेला टोकाने खुडत नाही, बोटाची कड तारेत रुतवून बाजूला ओढते. टोकाने खुडलं की सूर पातळ येतो आणि फोड लवकर येतात. डियानीचा सूर जाड आणि गोल आहे, आणि ओढल्यानंतर तार खालच्या लाकडी पट्टीवर आपटल्याचा आवाजही अनेकदा रेकॉर्डमध्ये सापडतो. तो खोट समजू नका, तिथे हात किती जोरात पडला ते त्यातून कळतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लंडन सोडून डेन्मार्क-स्वीडनकडे सरकला. फेझा आणि तुर्कस्तानचा तालवादक ओके तेमिझ यांच्यासोबत १९७२ चं 'म्युझिक फॉर खाबा' आलं. त्यात तीनच माणसं आहेत आणि पियानो नाही, म्हणून सुरांचा सगळा आधार बासवर. डिसेंबर १९७५ मध्ये लंडनला फेझा न्यूमोनियाने गेला. तीसच वर्षांचा होता. नऊ दिवसांनी, २३ डिसेंबरला, उरलेले चौघं एका खोलीत बसले आणि आधी काहीही न ठरवता वाजवत गेले. 'ब्लू नोट्स फॉर मोंगेझी' ती हीच बैठक. आपल्याकडे तेरवीच्या रात्री भजन बसतं तसं हे ऐकावं, गाणी मोजत नव्हे. डियानी मध्येच खोसात बोलतो, हाक मारतो, गज लावून तार घासतो. एका दमात ऐकणं जड जातं. पहिल्या बैठकीत वीस मिनिटं पुरे.

१९७८ मध्ये कोपनहेगनच्या एका कंपनीसाठी दोन रेकॉर्डी झाल्या आणि नव्या माणसाला सर्वांत जवळच्या त्याच वाटतील. पहिली 'विचडॉक्टर्स सन'. तिच्यात गिटार आणि काँगा (हाताने वाजवायचे ढोल) आहेत, नाचता येईल असा भाग आहे. तिच्यातल्या 'माग्वाझा' या रचनेत बासची एक छोटी चाल पकडा आणि ती सुटेपर्यंत बोटाने मांडीवर धरा. दुसरी 'साँग फॉर बिको', वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोसाठी. तो ईस्ट लंडनजवळच्याच किंग विल्यम्स टाउनमध्ये वाढलेला, आणि १२ सप्टेंबर १९७७ ला पोलीस कोठडीतल्या मारहाणीमुळे मेला. या रेकॉर्डवर पुक्वाना, कॉर्नेटवर डॉन चेरी आणि ड्रमवर मकाया न्त्शोको आहेत. हाच न्त्शोको झुरिकमध्ये डॉलर ब्रँडसोबत वाजवत असे. बास इथे पुढे येऊन काही बोलत नाही. शोक वरच्या दोन फुंकवाद्यांकडे आहे, आणि डियानी त्यांना पायाखाली जमीन देतो. वडश्याच्या झाडीपट्टी नाटकात ऑर्गनवाला मंचाच्या पुढे खाली बसतो आणि नटाचा सूर घसरू देत नाही, तसं.

१९७९ मध्ये इब्राहिमसोबत पुन्हा दोघांचीच 'एकोज फ्रॉम आफ्रिका' झाली. १९७३ ची आणि ही, दोन्ही एकामागोमाग ऐका. दुसऱ्यात सूर कमी आहेत आणि जागा जास्त.

ऑक्टोबर १९८६ मध्ये वेस्ट बर्लिनमधल्या कार्यक्रमात तो कोसळला आणि गेला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. मंडेला सुटले ते फेब्रुवारी १९९० मध्ये. त्याच वर्षी मे मध्ये मॅकग्रेगर आणि जूनमध्ये पुक्वाना गेले. सहांपैकी नव्या दक्षिण आफ्रिकेत परत जाऊन राहिला तो एकटा मोहोलो.

त्याआधी, १९८७ मध्ये, मॅकग्रेगर, पुक्वाना आणि मोहोलो 'ब्लू नोट्स फॉर जॉनी' साठी एकत्र आले होते. बासवर त्यांनी कोणालाही बोलावलं नाही. ही रेकॉर्ड सर्वांत शेवटी ऐका, त्याच इअरफोनवर, टोपी नीट दाबून. ४१ ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात कधी पियानोचा डावा हात येतो, कधी मोहोलोचा पायाचा ड्रम, आणि दोघंही लगेच वर निघून जातात. सेटिंगला हात लावू नका. तो पट्टा त्यांनीच रिकामा ठेवला आहे.